पुढारी निवडावा कोणीं?

सामान्य ज्ञानाच्या वहींत ग्रेट ब्रिटनच्या मुख्य प्रधानाचें नांव लिहावें, आणि तें पाठ होतें न होतें तोंच खोडून दुसरें लिहावें, असा प्रसंग सन २०२२ सालीं आमच्या विद्यार्थ्यांवर आला. जुलै महिन्यांत श्री. बोरिस जॉन्सन यांनीं पद सोडण्याचें जाहीर केलें; ६ सप्टेंबर रोजीं श्रीमती लिझ ट्रस अधिकारारूढ झाल्या; आणि २५ ऑक्टोबर रोजीं त्यांच्या जागीं श्री. ऋषी सुनक आले. वर्गांतील एका चुणचुणीत मुलानें तेव्हां विचारलें, "सर, तिकडे निवडणूक झाली तरी केव्हां?" प्रश्न मार्मिक होता, कारण निवडणूक झालीच नव्हती. सन २०१६ च्या जुलैपासून सन २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत त्या देशांत चार वेळां मुख्य प्रधान बदलले, आणि त्यांपैकीं एकहि बदल सार्वत्रिक निवडणुकीच्या कौलानें झाला नाहीं. पुढारी आणला पक्षानें, आणि घालविला तोहि बहुधा पक्षानेंच. त्या मुलास आम्हीं त्या दिवशीं जें तुटक उत्तर दिलें, त्यानें आमचेंच समाधान झालें नाहीं. तें उत्तर जरा विस्तारानें देण्याचा हा प्रयत्न आहे.

परक्याच्या घरांतील भांडणांत आपण बोलूं नये, असा शहाण्यांचा उपदेश आहे, व तो आम्हांस मान्य आहे. तथापि या घराशीं आपला कांहींच संबंध नाहीं असें म्हणतां येत नाहीं. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत अध्यापन केलेले दादाभाई नौरोजी हे सन १८९२ सालीं लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघांतून लिबरल पक्षातर्फे अवघ्या पांच मतांच्या आधिक्यानें निवडून आले, व पार्लमेंटाच्या कामन्स सभेंत बसले. पुढें सन १८९५ सालीं मुंबईचेच मंचेरजी भावनगरी हुजूर पक्षाच्या बांकांवर विराजमान झाले. आणि स्वतंत्र भारतानें आपली राज्यघटना केली तेव्हां मंत्रिमंडळ लोकसभेस जबाबदार असावें, हें तत्त्व बव्हंशीं याच घराच्या रिवाजावरून घेतलें. ज्या चालीचा अंगरखा आपण अंगावर घातला आहे, त्याची शिवण मूळच्या ठिकाणीं कोठें उसवते, हें दुरून पाहण्याचा अधिकार आपणांस खासच आहे.

आमचें मत थोडक्यांत असें आहे. पुढारी आपल्याच अनुयायांकडून पायउतार केला जातो, हा ब्रिटिश राजकारणाचा रोग आहे असें पुष्कळ लोक समजतात. आम्हांस ती त्याच्या प्रकृतीच्या निरोगीपणाची खूण वाटते. रोग आहे तो निवडीच्या पद्धतींत. ज्यांनीं पुढाऱ्याबरोबर रोज काम करावयाचें त्यांनीं एकास पसंत करावें, दूर बसून टाळ्या वाजविणारांनीं दुसऱ्यास नेमावें, आणि मग त्यास काढण्याचें काम मात्र पुन्हां पहिल्यांच्याच वांट्यास यावें, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यांतून स्थैर्य उत्पन्न न झालें तर नवल कसलें?

प्रथम पदच्युतीविषयीं विचार करूं. पुढाऱ्याविरुद्ध त्याच्याच अनुयायानें हात वर करणें म्हणजे फितुरी, अशी समजूत आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे. फितुरीनें गेलेल्या किल्ल्यांच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतों, म्हणून ती समजूत स्वाभाविकहि आहे. परंतु फितूर रात्रीं दरवाजा उघडतो व सकाळीं बक्षीस घेतो. सभासद हा सर्वांसमक्ष, आपल्या नांवानिशीं मत देतो व त्याचे परिणाम भोगतो. या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर आहे. सन १९४० च्या मे महिन्याच्या ७ व ८ तारखांस कामन्स सभेंत जो वाद झाला, तो या दृष्टीनें प्रत्येक विद्यार्थ्यानें अभ्यासण्याजोगा आहे.

नॉर्वेच्या मोहिमेंत ब्रिटिश फौजांना अपयश आलें होतें. मुख्य प्रधान नेव्हिल चेंबरलेन यांच्या पाठीशीं दोनशेंहून अधिक सभासदांचें मताधिक्य होतें, व त्यांच्या पक्षाचे प्रतोद शिस्तीविषयीं अत्यंत कडक होते. अशा वेळीं त्यांच्याच पक्षाचे लिओ एमरी बोलावयास उठले. हे गृहस्थ जन्मले आपल्या देशांत, गोरखपुरास; आणि चेंबरलेन यांच्याप्रमाणेंच तेहि बर्मिंगहॅम शहराचे एक प्रतिनिधी होते. सन १६५३ सालीं क्रॉमवेलनें पार्लमेंटास घरीं जाण्यास ज्या शब्दांनीं फर्माविलें, तेच शब्द त्यांनीं आपल्या जुन्या सहकाऱ्यास ऐकविले. आरमाराचे वृद्ध सेनानी सर रॉजर कीज हे तर आपल्या पूर्ण गणवेशांत सभेंत येऊन सरकारवर टीका करिते झाले. दुसऱ्या दिवशीं चेंबरलेन यांनीं सभेंतील आपल्या मित्रांस आपला पाठिंबा देण्याचें आवाहन केलें, आणि आमच्या मतें येथेंच त्यांची मोठी चूक झाली. प्रश्न राष्ट्राचा होता; त्यांनीं तो मैत्रीचा केला. मतें मोजलीं तेव्हां सरकारच्या बाजूस २८१ व विरुद्ध २०० अशीं भरलीं. म्हणजे चेंबरलेन हे आंकड्यांनीं जिंकले होते; पण दोनशेंहून अधिकाचें आधिक्य एक्क्याऐंशींवर आलें होतें. सरकारपक्षाच्या सुमारें चाळीस सभासदांनीं विरोधकांच्या बाजूनें मत दिलें, आणि आणखी कित्येकांनीं मतच दिलें नाहीं. मजूर पक्षानें चेंबरलेन यांच्या हाताखालीं काम करण्याचें नाकारलें, तेव्हां १० मे रोजीं, म्हणजे ज्या दिवशीं जर्मन फौजा हॉलंड व बेल्जम या देशांत घुसल्या त्याच दिवशीं, त्यांनीं राजीनामा दिला व चर्चिल मुख्य प्रधान झाले.

या कथेचा उत्तरार्ध आम्हांस पूर्वार्धाइतकाच मोलाचा वाटतो. चेंबरलेन रुसून घरीं बसले नाहींत. चर्चिल यांच्या युद्धमंत्रिमंडळांत त्यांनीं दुय्यम स्थान पत्करलें, व दुर्धर आजारानें शरीर थकेपर्यंत इमानानें काम केलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत ते वारले, तेव्हां त्यांच्या धोरणाशीं वर्षानुवर्षें झगडलेल्या चर्चिल यांनींच सभेंत त्यांच्या हेतूंच्या शुद्धतेचा गौरव केला. पुढाऱ्यास पदावरून काढावें, पण माणूस म्हणून त्यास टाकूं नये, हा या प्रसंगाचा धडा आहे.

दुसरा प्रसंग सन १९९० सालचा. श्रीमती मार्गारेट थॅचर यांनीं लागोपाठ तीन सार्वत्रिक निवडणुका जिंकल्या होत्या व अकरा वर्षें राज्य चालविलें होतें. त्यांच्या मंत्रिमंडळांतील जुने सहकारी सर जेफ्री हौ यांनीं राजीनामा दिला, आणि १३ नोव्हेंबर रोजीं सभेंत शांत, किंबहुना संथ आवाजांत एक भाषण केलें. त्यांत त्यांनीं क्रिकेटचा दृष्टान्त योजिला होता. फलंदाज खेळावयास उतरतो आणि पाहतो तों त्याची बॅट सामन्यापूर्वींच मोडलेली असते, व ती मोडणारा दुसरा कोणी नसून त्याचाच कर्णधार असतो, असा त्याचा आशय होता. आठवड्याभरानें पक्षाच्या सभासदांनीं मतें दिलीं. श्रीमती थॅचर यांस २०४ व त्यांचे प्रतिस्पर्धी मायकेल हेसल्टाइन यांस १५२ पडलीं. नियमाप्रमाणें लागणारें आधिक्य केवळ चार मतांनीं हुकलें. सहकाऱ्यांचा कल ओळखून २२ नोव्हेंबर रोजीं त्यांनीं माघार घेतली. सन १९७५ सालीं त्यांना पुढारी करणारे पार्लमेंटांतील सभासदच होते, व सन १९९० सालीं उतरविणारेहि सभासदच. नेमणारा हात व काढणारा हात एकच होता. त्यामुळें निर्णय कठोर असला तरी त्याविषयीं घोंटाळा उरला नाहीं.

आतां निवडीकडे वळूं. हुजूर पक्षांत सन १९६३ पर्यंत पुढाऱ्याची रीतसर निवडणूक होतच नसे. कांहीं वडीलधारी मंडळी कानोसा घेऊन एक नांव पुढें करीत. सन १९६५ सालीं एडवर्ड हीथ यांच्यापासून सभासदांनीं मतें देऊन पुढारी निवडण्याची चाल पडली. सन १९९८ च्या नियमांनीं मात्र असें ठरलें कीं, सभासदांनीं शेवटचे दोन उमेदवार तेवढे ठरवावे, व त्या दोघांतून एकाची निवड देशभरच्या वर्गणीदार पक्षसदस्यांनीं करावी. मजूर पक्षानेंहि सन १९८१ पासून ही सत्ता केवळ सभासदांच्या हातीं न ठेवतां सभासद, कामगार संघ व गांवोगांवच्या शाखा यांच्यांत वांटली, आणि सन २०१४ सालीं प्रत्येक सदस्यास एक मत दिलें.

जुन्या पद्धतीनें कसा मनुष्य निवडला जाई, याचें उदाहरण क्लेमंट ॲटली यांचें घ्यावें. भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा सन १९४७ सालीं ज्यांच्या कारकीर्दींत संमत झाला, ते हे ॲटली. सायमन कमिशनचे एक सभासद म्हणून सन १९२८ सालीं ते आपल्या देशांत आले, तेव्हां काळ्या निशाणांनीं त्या कमिशनचें स्वागत झालें होतें. सन १९३१ च्या निवडणुकींत मजूर पक्षाची धूळधाण होऊन त्याचे सुमारें पन्नास सभासदच उरले. त्यांत ॲटली होते, व चार वर्षें त्यांनीं सभेंत रोज उभें राहून पक्षाची बाजू लढविली. वक्तृत्व बेताचें, चेहरा सामान्य, बोलणें मोजकें. दूरच्या गर्दीनें त्यांस बहुधा ओळखलेंहि नसतें. पण सन १९३५ सालीं सभासदांनीं त्यांस ८८ विरुद्ध ४८ मतांनीं हर्बर्ट मॉरिसन यांच्यावर निवडलें, आणि ते वीस वर्षें पुढारी राहिले. ज्यांनीं त्यांस काम करितांना पाहिलें होतें, त्यांनीं त्यांची पारख केली, हेंच या यशाचें रहस्य होय.

नव्या पद्धतीचीं फळें याच्याशीं ताडून पाहावीं. सन २००१ सालीं हुजूर सभासदांच्या शेवटच्या मोजणींत केनेथ क्लार्क यांस ५९ व इयन डंकन स्मिथ यांस ५४ मतें पडलीं. पक्षसदस्यांनीं मोठ्या आधिक्यानें डंकन स्मिथ यांस निवडलें. आणि दोन वर्षांनीं सभासदांनीं ९० विरुद्ध ७५ मतांनीं त्यांच्यावर अविश्वास दाखविला. सन २०१५ सालीं मजूर पक्षांत जेरेमी कॉर्बिन यांचें नांव यादींत येण्यास ३५ सभासदांची शिफारस लागत होती. ती शेवटच्या क्षणीं कशीबशी ३६ झाली. पक्षसदस्यांनीं मात्र त्यांस ५९.५ टक्के मतें देऊन निवडलें. पुढल्या वर्षीं जूनमध्यें सभासदांनीं १७२ विरुद्ध ४० मतांनीं त्यांच्यावर अविश्वास दाखविला, आणि सप्टेंबरांत सदस्यांनीं ६१.८ टक्के मतांनीं त्यांस पुन्हां बसविलें. एका गाडीस दोन्ही टोकांकडून बैल जुंपावे, तशी त्या पक्षाची गति झाली.

हे दोघे विरोधी पक्षाचे पुढारी होते, म्हणून त्यांचा भार पक्षानेंच सोसला. सन २०२२ सालीं प्रत्यक्ष मुख्य प्रधानाची जागा रिकामी झाली. सभासदांच्या शेवटच्या फेरींत श्री. सुनक यांस १३७ व श्रीमती ट्रस यांस ११३ मतें पडलीं. मग उन्हाळाभर दोघे गांवोगांव सभा घेत हिंडले. कर्ज काढून कर कमी करणें आजच्या महागाईंत धोक्याचें आहे, असें सुनक सांगत. कर कमी करूं, असें ट्रस सांगत. ८१,३२६ सदस्यांनीं ट्रस यांस व ६०,३९९ सदस्यांनीं सुनक यांस मत दिलें. चार कोटींहून अधिक मतदारांच्या देशाचा मुख्य प्रधान दीड लाखाहून कमी लोकांनीं ठरविला. २३ सप्टेंबर रोजीं मोठ्या करकपातीची योजना मांडली गेली; तीन दिवसांत पौंडाचा भाव डॉलरच्या तुलनेंत कधीं नव्हता इतका खालीं गेला, आणि निवृत्तिवेतनाचे निधी अडचणींत येऊं लागले तेव्हां बँक ऑफ इंग्लंडला सरकारी रोखे विकत घेण्यासाठीं पुढें यावें लागलें. २० ऑक्टोबर रोजीं श्रीमती ट्रस यांनीं राजीनाम्याची घोषणा केली. इतकी अल्प कारकीर्द त्या देशाच्या इतिहासांत दुसऱ्या कोणाहि मुख्य प्रधानाची नाहीं.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस येथें शलमोनाचा पुत्र रहबाम आठवेल. वडीलधाऱ्यांनीं जोखड हलकें करण्याची सल्ला दिली, ती त्यास रुचली नाहीं. बरोबरीच्या तरुणांनीं त्याच्या मनासारखें सांगितलें, तें त्यानें केलें, आणि राज्य दुभंगलें. तेथें राजानें रुचकर सल्ला निवडली. येथें सदस्यांनीं रुचकर पुढारी निवडला. कानास गोड लागेल तें सत्य मानण्याचा मोह राजास आणि प्रजेस सारखाच होतो.

आमच्या या मतावर आक्षेप येतील, व ते हलके नाहींत. पहिला असा कीं, थंडीपावसांत दारोदार हिंडून जो सदस्य पक्षासाठीं मतें मागतो, त्यास पुढारी निवडतांना विचारूं नये काय? त्याचें म्हणणें अवश्य ऐकावें. पण मुख्य प्रधान हा त्याच्या एकट्याचा नसतो. पार्लमेंटांतील सभासद आपापल्या मतदारसंघांतील सर्व लोकांस, विरुद्ध मत देणारांसहि, उत्तर देण्यास बांधलेला असतो; पक्षसदस्य कोणासहि उत्तर देण्यास बांधलेला नसतो. दुसरा आक्षेप असा कीं, सभासदांची पारखहि चुकते. हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करितों. श्री. जॉन्सन यांस सन २०१९ सालीं सभासदांनींहि सर्वांत अधिक मतें दिलीं होतीं. आणि तीन वर्षांनीं त्यांच्याच पन्नासांहून अधिक मंत्र्यांनीं व दुय्यम अधिकाऱ्यांनीं पदें सोडून त्यांस जावयास लाविलें. पद्धत बदलल्यानें शहाणपण येत नाहीं. परंतु जबाबदारी कोणाची हें तरी स्पष्ट होतें. ज्यानें निवडलें त्यानेंच चूक निस्तरावी. पिलाताप्रमाणें लोकांसमोर हात धुऊन मोकळें होण्याची सोय कोणासहि असूं नये. विरोधी पक्षाचा पुढारी सदस्यांनीं हवा तर निवडावा; पण मुख्य प्रधानाची जागा मध्येंच रिकामी झाली तर ती सभासदांनींच भरावी, असें आम्हांस वाटतें.

हें लिहीत असतां आपल्या देशाकडे दृष्टि गेल्यावांचून राहत नाहीं. सन १९८५ सालीं बावन्नाव्या घटनादुरुस्तीनें आपल्याकडे पक्षांतरबंदीचा कायदा झाला, व पक्षाच्या आदेशाविरुद्ध सभागृहांत मत देणाराचें सभासदत्व जाऊं शकेल असें ठरलें. पदासाठीं व पैशासाठीं पक्ष बदलणारांस आळा घालण्याचा त्याचा हेतु स्तुत्य होता. परंतु लोभी व विवेकी या दोघांसहि त्यानें एकाच दोरीनें बांधलें. सन १९४० सालच्या त्या चाळीस सभासदांवर असा कायदा असता, तर त्यांच्यांतील किती जण उठले असते? सरकारच्या अस्तित्वाचा प्रश्न नसेल तेथें तरी सभासदास आपल्या विवेकाप्रमाणें मत देतां यावें, अशी सुधारणा या कायद्यांत व्हावयास हवी.

शेवटीं आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही नवखे शिक्षक असतांना, क्रिकेटच्या संघाचा कर्णधार सर्व वर्गांनीं मिळून हात वर करून निवडावा, अशी टूम आम्हीं काढली. स्नेहसंमेलनांत नकला करून सर्वांस हसविणारा एक गोड स्वभावाचा मुलगा निवडून आला. तिसऱ्या सामन्यापर्यंत संघांत कोणी कोणाचें ऐकेना, आणि त्या बिचाऱ्यानें रडत येऊन आपण होऊन राजीनामा दिला. संघांतल्या अकरा जणांस विचारलें असतें तर त्यांनीं दुसरेंच नांव सांगितलें असतें. पण त्यांस आम्हीं विचारलें नव्हतें. दोष त्या मुलाचा मुळींच नव्हता. त्याला आम्हीं जो दुखावा दिला, तो आठवला म्हणजे आजहि वाईट वाटतें.

विद्यार्थी मित्रांनो, जून महिन्यांत तुम्ही पुन्हां आपापल्या वर्गाचा नायक निवडाल. त्या वेळीं कोण आपणांस हसवितो हें पाहूं नका. शिक्षक बाहेर गेल्यावर कोण वर्ग सांभाळतो, हें त्याच्या शेजारीं बसणारास विचारा. आणि निवडलेला नायक चुकूं लागला, तर पाठीमागें कुजबुजूं नका. समोर जाऊन सांगा, व तो पदावरून उतरला तर खेळांत त्यास आपल्याजवळ जागा द्या. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, आपला मुलगा किंवा मुलगी मित्राविरुद्ध पण खऱ्याच्या बाजूनें मत देऊन घरीं आली, तर तिला दूषण देऊं नये. लिओ एमरी यांस आपल्या जुन्या सहकाऱ्याविरुद्ध उठतांना जें धैर्य लागलें, तें कोणासहि एका दिवसांत येत नाहीं. तें वर्गाच्या बांकावर आणि घरच्या पाटावरच प्रथम शिकावें लागतें.